गोळीची रोजकीर्द

२२ मार्च २०२३, गुढीपाडवा. सकाळी दारात गुढी उभी केली. कडुलिंबाची चटणी त्या वर्षी एकट्या मी खाल्ली, कारण नवं औषध सुरू होताना पोटात दुसरं काही नवीन जायला नको, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी ह्यांनी एक पांढरी, गोल, छोटीशी गोळी पाण्याबरोबर गिळली. मी दोनशे पानी वही उघडली आणि लिहिलं : वेळ ९.०५, गोळी १, साडेतेरा मिलिग्रॅम, नाश्ता तासापूर्वी, त्रास काही नाही.

मी कऱ्हाडच्या एका पतसंस्थेत २६ वर्षं कॅशिअर होते. दिवस संपला की रोजकीर्द लिहायची आणि मेळ बसल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. ती सवय ह्यांच्या आजारपणात एवढी कामाला येईल असं कधी मनातही आलं नव्हतं. पित्तनलिकेच्या कॅन्सरवरची ही गोळी आम्ही चौदा महिने घरच्या घरी वापरली. त्यातलं जे आम्ही धडपडत शिकलो ते लिहून ठेवते आहे.

जून २०२२ मध्ये ह्यांना उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. शेतीच्या अवजारांचं दुकान, दिवसभर उचलाठेव, तेव्हा अंग अवघडलं असेल म्हणून महिनाभर शेकत बसलो. वजन ७ किलोंनी उतरलं तेव्हा सोनोग्राफी केली, मग सीटी. यकृतात ८ सेंटिमीटरची गाठ आणि शेजारी दोन लहान. कावीळ नव्हती, भूकही बरी होती, म्हणून कुणालाच संशय आला नव्हता. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण तो दुसरीकडून यकृतात उतरला असेल असं वाटून वरून आणि खालून अशा दोन्ही दुर्बिणी झाल्या. कुठेच काही सापडलं नाही. मग नाव कळलं : यकृताच्या आतल्या बारीक पित्तनळ्यांचा कॅन्सर. गाठी दोन्ही भागांत असल्यामुळे ऑपरेशनचा प्रश्नच उरला नाही.

जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोची औषधं सुरू झाली. पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी सलाइनमधून, मग एक आठवडा सुट्टी. ते दिवस कष्टाचे होते, पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. तिथे सगळं दुसरं कुणीतरी बघत होतं. रक्त तपासल्याशिवाय औषध लागत नव्हतं, सिस्टर दर तासाला येऊन विचारत होत्या, डोस कुणीतरी दोनदा मोजत होतं. जानेवारी २०२३ च्या सीटीत गाठ वाढलेली दिसली आणि ते औषध बंद झालं.

दुसऱ्या मतासाठी गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न केला, “एनजीएस केलंय का?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. गाठीच्या तुकड्यातल्या जनुकांची तपासणी असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं, की यकृताच्या आतल्या पित्तनलिका कॅन्सरमध्ये शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा जणांच्या गाठीत एफजीएफआर२ नावाचं जनुक तुटून दुसऱ्याच जनुकाला चिकटलेलं सापडतं. त्याला फ्युजन म्हणतात. जवळपास तेवढ्याच जणांत आयडीएच१ हा दुसरा बदल मिळतो. दोन्हींवर वेगवेगळ्या गोळ्या आहेत. मात्र गाठीत तो बदल असेल तरच गोळीचा उपयोग, नसेल तर निव्वळ त्रास आणि खर्च.

मग सुरू झाली ब्लॉकची धावपळ. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. जिथे बायोप्सी झाली होती तिथून तो हातात यायला १९ दिवस गेले. आज सही करणारे रजेवर, उद्या रजिस्टर सापडत नाही. मुलगी पुण्यात असते, ती नोकरी सांभाळून सहा वेळा गेली. ब्लॉक मिळाला, पाठवला आणि उत्तर आलं : तपासणीसाठी टिश्यू अपुरा. ह्यांना पुन्हा सुई घ्यावी लागली. त्या दिवशी हे काही बोलले नाहीत, पण गाडीत बसल्यावर डोळे मिटून घेतले आणि कऱ्हाड येईपर्यंत उघडले नाहीत. पहिल्या बायोप्सीच्या वेळीच कुणी म्हणालं असतं की तुकडा जरा जास्त घ्या, पुढे जनुकांची तपासणी लागेल, तर हे सात आठवडे वाचले असते. ज्यांच्या घरी आज हा आजार नव्याने कळला आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी विचारावं. फ्युजन नीट पकडायला नुसती डीएनएची तपासणी कधी कधी पुरत नाही, आरएनएचीही लागते, हेही विचारून घ्यावं.

आमच्या रिपोर्टमध्ये एफजीएफआर२ फ्युजन होतं. औषधाचं नाव पेमिगॅटिनिब. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये त्याला मान्यता दिली, तीही ज्यांचं आधीचं औषध लागू पडेनासं झालंय अशांसाठी. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, की किती जणांना गुण येतो? त्यांनी आकडा लपवला नाही. ज्या अभ्यासावर मान्यता मिळाली त्यात असं फ्युजन असलेले १०७ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे ३६ टक्के लोकांची गाठ चांगली आकसली. आजार पुढे न सरकण्याचा काळ मधल्या रुग्णाच्या बाबतीत सात महिन्यांच्या आसपास होता. “काहींना त्याहून बराच जास्त मिळतो, काहींना मिळत नाही,” एवढं बोलून ते थांबले. हे म्हणाले, “सात तर सात. घेऊ.”

आम्हाला ही गोळी जवळच्या दुकानात मिळणारी नव्हती. स्वतःच्या वापरासाठी परदेशातून औषध आणायला केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२ए भरून अर्ज करावा लागतो, सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, आणि परवाना येतो तो १२बी. कागदपत्रं माझ्या हातची, त्यामुळे त्यात अडलं नाही. पैशासाठी विहिरीलगतची एक एकर विकली. त्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

त्याच आठवड्यात कुणाच्या तरी ओळखीतून व्हॉट्सॲपवर एका माणसाचा मेसेज आला. तीच गोळी, फार थोड्या पैशात, दोन दिवसांत घरपोच. बिल मागितलं तर म्हणाला, बिल नाही मिळणार. मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. जमीन वाचत होती. डॉक्टरांना फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, “काकू, गाठ वाढली तर औषध लागू पडलं नाही की गोळीत औषधच नव्हतं, हे मी कसं ओळखू?” त्या एका प्रश्नाने विषय संपला.

गोळी सुरू होण्याआधी काय काय झालं ते महत्त्वाचं आहे, कारण घाईत तेच गळतं. रक्तात फॉस्फेट, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओसीटी झाली, म्हणजे पडद्याचा थरांसकट फोटो. आणि ह्यांच्या घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्यायला सांगितल्या होत्या. हॉस्पिटलच्या औषध विभागातल्या एका तरुण मुलीने ती पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक पाकीट वाचलं. ह्यांची बीपीची जुनी गोळी डिल्टियाझेम. ती बाजूला काढून म्हणाली, “ही चालणार नाही. पेमिगॅटिनिब यकृतात ज्या एन्झाइमने मोडतं त्यालाच ही अडवते, मग औषध अंगात साठत जातं.” डॉक्टरांशी बोलून ती टेल्मिसार्टनवर बदलली. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्याही बंद झाल्या, कारण डीमुळे आतड्यातून फॉस्फेट जास्त शोषलं जातं. त्या मुलीने तिच्या विभागाचा नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला आणि एक वाक्य सांगितलं, “दुसऱ्या कुणीही, कशासाठीही काही दिलं तरी आधी मला फोन.”

औषधाचा हिशोब असा : १४ दिवस रोज एक गोळी, ठरल्या वेळी, मग ७ दिवस सुट्टी, ही एक फेरी. गोळी अख्खी गिळायची, तोडायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. जेवणाआधी की नंतर याला महत्त्व नाही. चार तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर त्या दिवसाची सोडून द्यायची. उलटी झाली तरी पुन्हा घ्यायची नाही.

हा शेवटचा नियम ऐकताना सोपा वाटला. अकराव्या दिवशी गोळी घेतल्यावर वीस मिनिटांत ह्यांना उलटी झाली. मी मोरीत बघत उभी राहिले. एकेका गोळीची किंमत माझ्या डोक्यात पाठ होती, एकरातले किती गुंठे ते सुद्धा. हात दुसऱ्या पाकिटाकडे गेलाच होता. हे म्हणाले, “अगं, वहीत काय लिहिलंय ते बघ.” वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : पुन्हा देऊ नये. पोटात किती उतरलं हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि जास्तीचा डोस कमीपेक्षा वाईट. त्या ओळीपुढे मी उलटीची वेळ लिहिली आणि पाकीट कपाटात ठेवलं.

आता फॉस्फेट. सुरुवातीचा आकडा ३.४ होता. आठव्या दिवशी ६.२. मी घाबरून फोन केला तर डॉक्टरांच्या आवाजात काळजी नव्हती. त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून जमेल तसं लिहिते. हाडं एक संप्रेरक सोडतात, त्याचा निरोप असतो मूत्रपिंडाला, की जास्तीचं फॉस्फेट लघवीवाटे टाकून दे. तो निरोप मूत्रपिंड ज्या कानाने ऐकतं तो कान एफजीएफआर१, गाठीतल्या एफजीएफआर२ चा सख्खा भाऊ. गोळी दोघांनाही बधिर करते. म्हणून फॉस्फेट वाढणं ही गोळी अंगात पोचल्याची खूणच आहे. मात्र तो आकडा वाढत राहू दिला तर फॉस्फेट कॅल्शियमला धरून त्वचेत, रक्तवाहिन्यांत साचू शकतं. साडेपाचच्या वर गेलं की जेवण बदलायचं, सातच्या वर गेलं की वेगळं औषध, दहाच्या वर म्हणजे गंभीर.

जेवण बदलायचं म्हणजे काय, हे आमच्या स्वयंपाकघराला विचारा. आमच्याकडे शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, उपासाला तर सगळं तेच. ह्यांना जेवणाच्या शेवटी दहीभात लागतो आणि दिवसाला तीन कप दुधाचा चहा. आहारतज्ज्ञ बाईंनी दूध, दही, पनीर, दाणे, काजू, सुकी मासळी, अंड्याचा पिवळा बलक हे सगळं कमी करायला सांगितलं. मी म्हटलं, माणूस आधीच ५४ किलोवर आलाय, खाऊ काय घालू? त्यांनी एक फरक सांगितला जो मला आजवर कुणी सांगितला नव्हता. डाळी-कडधान्यांतलं फॉस्फेट अंगाला निम्म्याच्या आसपासच लागतं. डबाबंद आणि पाकिटातल्या पदार्थांत टिकण्यासाठी किंवा फुगण्यासाठी जे फॉस्फेट घालतात ते मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. म्हणजे वाटीभर वरण वाईट नव्हतं, नातू आणायचा तो कोला आणि चीजचे चौकोनी तुकडे वाईट होते. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायला मी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

मग आमची बैठक बसली. भात आणि तांदळाची भाकरी, पातळ वरण, पांढऱ्या बलकाची भुर्जी, आठवड्यातून दोनदा थोडं चिकन, भाजीला कुटाऐवजी ओलं खोबरं तेही बेतानं. चहा बिनदुधाचा, आलं-गवती चहा घालून. सुट्टीच्या आठवड्यात फॉस्फेट आपोआप उतरायचं, ४ च्या आसपास यायचं, तेव्हा पथ्यही सैल. त्या सात दिवसांत मी शेंगदाण्याची चटणी करायचे. हे पहिल्या घासाला ताटात डोकावून विचारायचे, “आज सुट्टी लागली वाटतं?”

दुसऱ्या फेरीत आकडा ७.३ झाला आणि सेव्हलॅमर आलं. ही गोळी जेवणातलं फॉस्फेट आतड्यातच बांधून ठेवते. पहिल्या दिवशी मी ती इतर औषधांसारखी जेवणानंतर तासाने दिली. फोनवर औषध विभागातली तीच मुलगी म्हणाली, “काकू, मग ती कुणाला बांधणार? जेवण तर पुढे निघून गेलं.” तेव्हापासून पानावर बसलं की पहिल्या दोन घासांबरोबर. सुट्टीच्या आठवड्यात सेव्हलॅमरही बंद, नाहीतर फॉस्फेट गरजेपेक्षा खाली जातं.

सेव्हलॅमरने बद्धकोष्ठता होते. चार दिवस पोट साफ झालं नाही म्हणून मी औषधाच्या दुकानातून एनिमा आणला. सवयीप्रमाणे वेष्टण वाचलं. सोडियम फॉस्फेट! ज्याच्यापासून माणसाला वाचवायचं तेच भरलेली बाटली. परत केली. दुकानदाराची चूक नव्हती, त्याला आमचं औषध काय माहीत. इसबगोल आणि कोमट पाण्यावर काम झालं, तेही विचारून.

डोळ्यांचं तर मी कुणालाही पुन्हा पुन्हा सांगते. या औषधाने डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचू शकतं. म्हणून पहिले सहा महिने दर दोन महिन्यांनी ओसीटी आणि पुढे दर तीन महिन्यांनी, दिसायला काही बिघडलेलं नसलं तरी. मेची तपासणी स्वच्छ आली. जुलैची पुढच्या आठवड्यात होती आणि पावसामुळे ती दहा दिवस पुढे ढकलावी असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. सकाळी हे पेपर वाचत होते. एकदम म्हणाले, “ही रकान्याची रेघ वाकडी छापलीय का गं?” मी बघितलं, रेघ सरळ होती. एक डोळा झाकून बघायला लावलं. डाव्याने सरळ, उजव्याने मधेच पोट आल्यासारखी. नऊ वाजायला दहा मिनिटं होती, गोळी ताटलीत काढून ठेवलेली. ती तशीच पाकिटात परत ठेवली आणि फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पुण्यात ओसीटी झाली. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. पडद्याचे थर पुरणपोळीच्या पापुद्र्यासारखे एकावर एक, आणि मध्यभागी खाली एक काळा फुगवटा, पोळी टम्म फुगावी तसा. औषध थांबवलं. थेंब नाहीत, ऑपरेशन नाही, फक्त थांबणं. तीन आठवड्यांनी फुगवटा विरला, रेघ सरळ झाली आणि गोळी पुन्हा सुरू झाली ती एक पायरी खाली, ९ मिलिग्रॅमची. डोस कमी झाला म्हणून हे हिरमुसले होते. डॉक्टर म्हणाले, की खालच्या डोसवर टिकून राहणारा माणूस वरच्या डोसवर मधेच सोडणाऱ्यापेक्षा पुढे जातो. त्या दिवसापासून मोटारसायकल बंद आणि रोज सकाळी एकेक डोळा झाकून कॅलेंडरचे चौकोन बघायचे, हे वहीत रोजचं कलम झालं.

त्याच सुमारास ह्यांच्या पापण्यांचे केस लांब वाढून आत वळायला लागले. डोळ्यात कायम काहीतरी टोचायचं. ते डॉक्टर काढून द्यायचे आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब चालू होते. तोंड कोरडं पडायचं, चव गेली होती. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून पाच वेळा. हे सगळं सोसण्यासारखं होतं.

सर्वांत जवळून धोका चाटून गेला तो नखांमुळे. सहाव्या महिन्यात पायाच्या अंगठ्याचं नख खालून सुटायला लागलं, पिवळं पडलं, कडेला दुखायचं. पुण्याची तारीख लांब होती म्हणून जवळच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. आम्ही कॅन्सरचं सांगितलं, गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी नख बघितलं, नखातली बुरशी म्हणाले आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या लिहिल्या : इट्राकोनॅझोल. औषध घेऊन घरी आलो. चिठ्ठी वहीला टाचताना मागचा पुठ्ठा दिसला, त्यावरचा नंबर दिसला. रात्रीचे आठ वाजले होते, उद्या करू असं वाटलं, तरी केला. फोनवर ती मुलगी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “एकही दिली नाहीत ना?” मी म्हटलं, नाही. मग तिने सांगितलं, की त्याच एन्झाइमला अडवणाऱ्या औषधांत इट्राकोनॅझोल फार जोरकस आहे. डिल्टियाझेमपेक्षाही. रोजच्या ९ मिलिग्रॅमने अंगात त्याहून बऱ्याच जास्त डोसाएवढं काम केलं असतं, आणि डोळे नुकते सावरलेले. शिवाय नख सुटणं हा पेमिगॅटिनिबचाच परिणाम, बुरशी नव्हतीच. अँटिसेप्टिक पाण्यात पाय बुडवणं, नख आखूड ठेवणं, सैल चपला आणि लावायचं मलम एवढ्यावर ते आटोक्यात आलं.

मला त्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. दिवसाला साठ पेशंट बघणाऱ्या माणसाने हे नाव पूर्वी ऐकलेलं नसेल. पण नाव सांगितल्यावर एक फोन, एक शोध त्यांनी करायला हवा होता, हे मी आजही म्हणते. मी नंतर एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ह्यांच्या पाकिटात ठेवलं : औषधाचं नाव, डोस, आणि विचारल्याशिवाय देऊ नयेत अशा औषधांची यादी. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन. पहिली तीन औषधाची पातळी वाढवतात, शेवटची दोन ती पाडतात, म्हणजे गोळी घेऊनही न घेतल्यासारखी. खाली ताप १००.४ च्या वर, थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद, असं काही झालं तर लगेच हॉस्पिटल, पुण्याची वाट न बघता. पित्तनळीत जंतुसंसर्ग झाला तर तास मोजावे लागतात.

गणपतीत घर भरलं आणि प्रत्येकजण काहीतरी घेऊन आला. धाकट्या जाऊबाईंनी गुळवेलीचा काढा आणला, प्रेमाने, स्वतः उकळून. नाही म्हणताना माझी जीभ जड झाली. पण कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते, हे मला सांगितलं गेलं होतं. यकृत आधीच जखमी असलेल्या माणसावर तो प्रयोग कसा करू? जाऊबाई दुखावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मी त्यांना वही वाचायला दिली. त्यांनी बसून पूर्ण वाचली आणि प्रसादाच्या फळांतली पपनसं स्वतः बाजूला काढली, कारण ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्ही वर्ज्य असं तिसऱ्या पानावर होतं.

आणि गाठ? पहिल्या फेरतपासणीत ८.२ वरून ६.१ सेंटिमीटर. नोव्हेंबरात ४.७. दोन लहान गाठींतली एक दिसेनाशी झाली. बरगडीखालचं दुखणं जूनमध्येच थांबलं होतं. हे रोज दोन तास दुकानात जाऊन बसायला लागले, दिवाळीत मुलीच्या घरी राहिले, फेब्रुवारीत वजन ६१ किलो. सात महिने मागितले होते, त्याच्या दुप्पट मिळाले.

मे २०२४ च्या सीटीत नवीन ठिपका दिसला. रक्तातून पुन्हा जनुकांची तपासणी केली. औषध ज्या खाचेत जाऊन बसतं त्या खाचेतच गाठीने बदल करून घेतला होता. डॉक्टरांनी हे होऊ शकतं असं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तरी ऐकताना पाय गळाले. आता फ्युटिबॅटिनिब सुरू केलंय. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य झालेलं, त्याच जनुकावरचं, पण खाचेत कायमचं चिकटून बसणारं. असे काही बदल ते पार करू शकतं, हमी नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा १२ए, पुन्हा १२बी, पुन्हा आधीची ओसीटी, पुन्हा पिशवी उपडी.

ही गोळी ४ मिलिग्रॅमची, रोज पाच, एकाच वेळी. तिला सुट्टीचा आठवडा नाही. पहिल्या संध्याकाळी मी नव्या वहीत रकाने आखत होते तेव्हा हे शेजारी येऊन बसले. त्यांनी पान बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, “म्हणजे चटणी बंदच आता.” मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, फॉस्फेट साडेपाचच्या आत राहिलं तर रविवारी चहाच्या चमच्याने एक चमचा चटणी चालेल. तसा रकाना आखला. काल रविवार होता, शनिवारचा आकडा ५.१ होता.